एकट्या झाडाची खूण

बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने माझ्यापासून एकच गोष्ट लपवली. तिची दलदल कुठे आहे ते.

आमच्याकडे, पार उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लुओमी हे फळ दलदलीत येतं, एका देठाला एकच. चांगली दलदल ज्याला माहीत असते तो ती कुणाला सांगत नाही. ती आईकडून मुलीकडे जाते. जावयाला तर सांगतच नाहीत. जावई आपल्या बहिणीला सांगणार, बहीण तिच्या नवऱ्याला, आणि पुढच्या ऑगस्टात तिथे जत्रा भरणार. सासूबाईंनी दलदल रिस्टिनला सांगितली आणि रिस्टिनने मला बेचाळीस वर्षं गाडीपाशी बसवून ठेवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही माळावर जायचो. ती सांगेल तिथे मी गाडी लावायचो. दर वर्षी वेगळी जागा सांगायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अंदाज येऊ नये. मग बादली घेऊन चालायला लागायची. मी वळून बघितलं तर लगेच माझ्या नावाने ओरडायची, "इसात, तोंड नदीकडे!" मी नदीकडे तोंड करून शेकोटी पेटवायचो, कॉफी ठेवायचो, रेनडिअरचं वाळवलेलं मांस चाकूने कापून चघळत बसायचो, डास मारायचो. चार तासांनी ती भरलेली बादली घेऊन यायची. कपाळभर डासांच्या गांधी, बूट चिंब, आणि चेहरा असा खुललेला की मला उगाच हसू यायचं.

"काही विचारू नकोस," म्हणायची.

मी विचारत नव्हतोच.

या फेब्रुवारीत ती गेली. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिने नर्सला बाहेर पाठवलं, दार लावून घ्यायला लावलं आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. मी मन घट्ट केलं. तिने दलदलीचा रस्ता सांगितला.

"रास्सेवारीच्या माथ्यावर भूर्जाचं एकटं झाड आहे. माहिताय ना?"

"माहिताय."

"त्याच्या बुंध्याला पाठ लाव. समोर दोन डोंगरांमधली खाच दिसेल. खाचेकडे तोंड ठेवून सरळ उतर. ओढा लागेल. ओढा ओलांडलास की तीच. पाठ नीट लाव हं. जरा तिरका गेलास तर चिखलात जाशील."

"बरं."

"सुन्नाच्या लग्नात क्रीम तिथल्याच लुओमीचं झालं पाहिजे. दुकानातलं नको. एक बादली आण. मी तिला लहानपणापासून कबूल केलंय."

सुन्ना आमची नात. सप्टेंबरात तिचं लग्न होतं.

"आणतो," मी म्हणालो.

"आणि लग्न झालं की मग तिला जागा सांग. आधी नको. आत्ता प्रेमात आहे, नवऱ्याला सांगून बसेल."

"बरं."

"आणि माग्गाला कळता कामा नये. घे शपथ."

माग्गा म्हणजे तिची धाकटी बहीण. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं. रोज सकाळी फोन, रविवारी एकत्र जेवण. पण दलदलीची गोष्ट वेगळी. मी शपथ घेतली.

त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. जेवत होतो, झोपत होतो. घरात दोन कप धुवायला घ्यायचो, मग आठवायचं की एकच वापरलाय. पण जुलै संपत आला तसं मी पंचांगासारखं कॅलेंडर बघायला लागलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी काम होतं.

आता त्या झाडाबद्दल सांगतो. मी चौतीस वर्षं माळावरच्या रस्त्यावर बर्फ ढकलायची गाडी चालवली. त्या रस्त्यावर तेव्हा काही म्हणजे काही नव्हतं. रास्सेवारी या नावाचा अर्थच गवताची टेकडी. वाऱ्याने बर्फ उडायला लागला की रस्ता, आकाश, माळ सगळं एक पांढरं व्हायचं. कडेला रोवलेल्या काठ्याही दिसायच्या नाहीत. अशा वेळी मध्येच क्षणभर उघडलं आणि टेकडीवर ते एकटं झाड दिसलं की मला कळायचं, वळण आलं. मी त्या झाडाला हात करायचो. गाडीत दुसरं कोणी नसायचं, त्यामुळे लाज वाटायची नाही.

निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली. त्यानंतर रिस्टिन दरवर्षी वेगळ्या ठिकाणी गाडी थांबवायला सांगायची आणि मला नदीकडे तोंड करायला लावायची. टेकडीकडे बघायची मला मनाईच होती.

आठ ऑगस्टला सकाळी सहा वाजता निघालो. माग्गाचं स्वयंपाकघर रस्त्यावर आहे आणि ती पाच वाजल्यापासून खिडकीत असते. म्हणून बादली घोंगडीखाली लपवली, गाडी उलट्या दिशेला, शहराकडे नेली, पेट्रोल पंपावर जाऊन उगाच काच पुसली आणि मागच्या रस्त्याने माळावर आलो. खडीच्या खाणीपाशी गाडी लावली. तिथून रास्सेवारी दीड तासाची चाल आहे. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

टेकडी चढायला लागलो तेव्हा पहिल्यांदा गुडघ्याएवढी झुडपं लागली. मग कमरेएवढी. मग मी वाकून, हातांनी फांद्या बाजूला करत चढत होतो. माथ्यावर पोचलो आणि उभा राहिलो.

तिथे एकटं झाड नव्हतं. तिथे जंगल होतं.

मोठं जंगल नाही. पण शंभर-दीडशे झाडं सहज असतील. काही माझ्या डोक्याच्या वर, काही दुप्पट. सगळी भूर्जाची, सगळी वाकडी, सगळी सारखी. एकट्या झाडाची ती पोरं-नातवंडं असणार. पूर्वी बी पडायचं आणि थंडीत मरून जायचं, आता मरत नाही, एवढंच. मला हे माहीत नव्हतं असं नाही. रस्त्याच्या कडेलाही झाडं आलीच आहेत. पूर्वी जिथे वाऱ्यासाठी फळ्यांच्या भिंती लावायचो तिथे आता झाडंच बर्फ अडवतात. पण रोज बघितलं की ते डोळ्यांत भरत नाही.

मग मला रिस्टिनचा राग आला. ती मागच्या ऑगस्टातही इथे येऊन गेली होती. ही झाडं तिला दिसली नाहीत का? मग वाटलं, दिसली असतील. तिच्यासमोरच वाढली. पण तिच्या आईने तिला जे झाड दाखवलं ते तिला दुरून ओळखता येत होतं, त्यामुळे तिच्या लेखी ते अजून एकटंच होतं.

कामाला लागलो. म्हटलं, सगळ्यात जुनं ते सगळ्यात जाड असणार. जाड बुंधा शोधला, पाठ लावली, समोर पानंच पानं. अंदाजाने उतरलो. ओढा लागलाच नाही, मांडीपर्यंत चिखल लागला. बूट काढायला दहा मिनिटं गेली.

परत वर. म्हटलं, जाड नसेल तर उंच असेल. सगळ्यात उंच झाडाला पाठ लावून उतरलो. नुसते धोंडे. एका धोंड्यामागून मूस बाहेर आला. घोड्याहून उंच हे हरणाच्या जातीचं जनावर माझ्या तरुणपणी या माळावर कधी फिरकलं नव्हतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याच्या घरात शिरलोय. मी माफी मागून परत वर.

तिसऱ्यांदा सगळ्यात वाकडं झाड निवडलं. त्या वेळी काय लागलं ते सांगत नाही.

चौथ्यांदा वर आलो आणि धापा टाकत खाली बसलो. एकाहत्तर वय आहे माझं. तेवढ्यात झाडीतून कुणीतरी खोकलं.

"कोण आहे?" मी ओरडलो.

"अस्वल."

"अस्वलाला खोकला झालाय?"

"अस्वलाचं वय झालंय, दाजी. तीनदा टेकडी चढलात-उतरलात. दुसऱ्या वेळी मला वाटलं, आता हा माणूस इथेच आडवा होणार आणि मला ओढत न्यावा लागणार."

माग्गा फांद्या बाजूला करत पुढे आली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पाठीवर पिशवी, तोंड लालबुंद.

"तू इथे काय करतेस?"

"फिरायला आले."

"इतक्या लांब?"

"डॉक्टरने सांगितलंय चालायला. तुम्ही?"

"मीपण. फिरायलाच."

"बादली घेऊन?"

मी बादलीकडे बघितलं. "तहान लागली तर," मी म्हणालो.

"आणि पंपावर गाडीची काच पुसत होतात तीसुद्धा तहान लागली म्हणून? दाजी, तुम्ही पंधरा वर्षांत काच पुसली नाहीत. ताई पुसायची. मी गाडी घेऊन मागेच होते. तुम्हाला काच पुसताना बघितलं तेव्हाच मला कळलं, आज आहे."

मी बादली पाठीमागे घेतली.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मला तुमची दलदल नको. मला माझी आहे. आईने मलाही दिली होती एक."

"मग माझ्या मागे कशाला आलीस?"

ती रुमालाचं टोक ओढत राहिली. "बघायचं होतं. ताईला जास्त चांगली दिली का ते. चाळीस वर्षं डोक्यात आहे माझ्या. ताई होती तोवर विचारता आलं नाही."

"ते दाखवता यायचं नाही. मी शपथ घेतलीय."

"माझं नाव घेऊन?"

"तुझंच नाव घेऊन."

"वा," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता, उलट बरं वाटलेलं दिसलं. "मरता मरता आठवण काढली म्हणायची."

"आता घरी जा, माग्गा."

"जाते."

पण ती जागची हलली नाही.

"जा की."

"जाते म्हटलं ना." तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "रस्ता कुठल्या बाजूला आहे?"

मला हसू येणार होतं, पण तिचा चेहरा बघून आवरलं. ती या माळावर जन्मलेली बाई. तिच्या वडिलांचा रेनडिअरचा कळप इथे चरायचा.

"मी तुमच्या पाठीकडे बघत आले," ती म्हणाली. "इकडे तिकडे बघितलंच नाही. बघायची कधी गरजच नव्हती हो इथे. इथून रस्ता दिसायचा, नदी दिसायची. आई स्वयंपाक करत असली की आमच्या तंबूचा धूर दिसायचा इथून. आता नाकासमोर नुसती पानं. माझ्या माळावर मी हरवले, दाजी. कुणाला सांगू नका."

"सांगत नाही. मीपण हरवलोय."

"तुम्हाला झाड सापडत नाही, होय ना? एकटं झाड?"

आता नाकारून काय उपयोग होता. मी मान हलवली.

तिच्या पिशवीत थर्मास होता. आम्ही बसलो, कॉफी प्यायलो. तिने कॉफीत चीजचे तुकडे टाकून दिले, रिस्टिन टाकायची तसेच, जरा जास्तच. डास कानाशी गात होते. माग्गा टेकडीला शिव्या देत होती. "गवताची टेकडी म्हणे. नाव बदला म्हणावं. झाडांचा हा बाजार!"

मी समोरच्या बुंध्याकडे बघत बसलो होतो. भूर्जाच्या बुंध्यावर काळं दगडफूल चढतं. ते जमिनीपासून चढत नाही. हिवाळ्यात बर्फ जिथवर साचतो त्याच्या वर चढतं, त्याच्या खाली बुंधा पांढरा राहतो. बर्फ ढकलणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. जुलै महिन्यातही झाडाकडे बघून सांगता येतं, इथे हिवाळ्यात किती बर्फ असतो. समोरच्या झाडावर काळं छातीपासून सुरू होत होतं. शेजारच्यावरही छातीपासून.

मी उठलो.

"काय झालं?" माग्गा म्हणाली.

"एकट्या झाडाभोवती बर्फ साचायचा नाही. वारा उडवून न्यायचा. मी चौतीस वर्षं बघितलंय. सगळ्या टेकडीवरचा बर्फ माझ्या रस्त्यावर यायचा."

"मग?"

"मग त्याचं काळं खालपासून असणार. ही बाकीची घोळक्यात वाढली, घोळक्यात बर्फ अडकतो, म्हणून यांचं छातीपासून आहे."

माग्गाने कप खाली ठेवला. "शाळेत किती शिकलात हो तुम्ही?"

"सात वर्षं."

"पुरे झालं तेवढं."

आम्ही दोघं बुंधे बघत फिरायला लागलो. छाती, छाती, कंबर, छाती. माग्गा मोठ्याने ओरडून सांगायची, शिंपी मापं घेतो तसं. शेवटी तिनेच हाक मारली. "दाजी! गुडघा!"

ते झाड जाडही नव्हतं, उंचही नव्हतं. माझ्या खांद्याला लागेल एवढं बुटकं, गाठीगाठींचं. इतकी वर्षं एकट्याने वारा खाल्ला, वाढणार कुठून. मी तीनदा त्याच्या बाजूने गेलो होतो आणि झुडूप समजून सोडलं होतं. त्याच्या बुंध्यावर काळं गुडघ्यापासून सुरू होत होतं. खालचं आता सुटत आलं होतं, कारण अलीकडे इथेही बर्फ साचत असणार, पण होतं.

मी त्याला हात केला.

"कुणाला हात करताय?" माग्गाने विचारलं.

"कुणाला नाही."

आता प्रश्न माग्गाचा होता. तिला इथे सोडून गेलो तर ती परत हरवणार. धुकंही यायला लागलं होतं. बरोबर नेली तर शपथ मोडणार.

"डोळे बांध," मी म्हणालो.

"काय?"

"रुमाल डोळ्यांवर बांध. माझ्या पिशवीचा पट्टा धर आणि चाल."

"पासष्ट वर्षांची बाई आहे मी!"

"म्हणूनच सांगतोय. तरुण असतीस तर इथे बसवून ठेवली असती."

तिने शिव्या देत रुमाल डोळ्यांवर बांधला. मी झाडाला पाठ लावली. समोर पानं. बादली उलटी ठेवून तिच्यावर चढलो, एका हाताने फांदी धरली. झाडांच्या शेंड्यांमधल्या फटीतून दोन डोंगर दिसले आणि मधली खाच. रिस्टिनला बादलीवर चढावं लागत होतं का, कोण जाणे. मला ती त्या बादलीवर उभी दिसली आणि मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

"पडलात का?" माग्गा म्हणाली.

"नाही."

"मग उतरा."

उतरणीवर मी पुढे, ती पट्टा धरून मागे. मी बाजूला केलेली फांदी सुटायची आणि तिच्या तोंडावर बसायची. प्रत्येक फांदीला एक शिवी. "ताईने हे मुद्दाम केलं. तिला माहीत होतं असं होणार. वर बसून हसत असेल." ओढा आला. मी म्हटलं, उचलून नेतो. ती म्हणाली, "तुम्ही? माझ्या बहिणीला लग्नात उंबऱ्यावरून उचलताना खाली पाडलं होतं." ती पाण्यातून चालत आली, बुटांसकट.

आणि दलदल आली. झाडी संपली, उजेड पडला. शेवाळावर जागोजागी केशरी ठिपके. पिकलेली लुओमी. जी पिकली नव्हती ती लाल होती. आमच्या फळाचं उलटं असतं, लाल म्हणजे कच्चं.

बेचाळीस वर्षांनी मी बायकोची दलदल बघत होतो.

"इथे बस," मी माग्गाला म्हणालो. "रुमाल सोडू नकोस."

ती बसली. मग डोळ्यात डास गेला म्हणून तिने रुमाल वर केला. खरंच डास होता का, मला माहीत नाही.

"माग्गा!"

तिचं तोंड उघडं. नुसती समोर बघत होती.

"दाजी," ती शेवटी म्हणाली. "तो पलीकडे काळा दगड दिसतोय?"

"दिसतोय."

"त्याच्यावर मी दर वर्षी कॉफी करते."

मला कळायला वेळ लागला.

"ही माझी दलदल आहे," ती म्हणाली. "मी तळ्याकडून येते. बोटीने. आईने मला तसंच सांगितलं. तळ्याच्या टोकाला बोट लाव, काळ्या दगडाकडे चढ. दहा ऑगस्टच्या आधी जाऊ नकोस, तोवर पिकत नाहीत. आणि ताईला कळू देऊ नकोस."

"रिस्टिन म्हणायची, तिला आईने सांगितलंय दहाच्या आधी जा. नंतर त्यांचं पाणी होतं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"ओढ्याकडची बाजू कुणीतरी दर वर्षी साफ करून गेलेलं असायचं," माग्गा म्हणाली. "मी ताईच्या घरी येऊन रडायचे. ताई मला कॉफी देऊन म्हणायची, माझ्याही दलदलीत कुणीतरी दगडावर शेकोटी करतं गं. दोघी मिळून त्या चोराला शिव्या घालायचो. आम्हाला वाटायचं तो गुत्तोर्म आहे, पलीकडच्या काठचा. दाजी, वीस वर्षं मी गुत्तोर्मला दुकानात नमस्कार केलेला नाही!"

आणि ती हसायला लागली. खाली शेवाळावर बसून, पोट धरून, ओले बूट हलवत. मलाही हसू आलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मी इतका हसलो, आणि मध्येच मला वाटलं की रिस्टिनला हे सांगायला हवं. मग हसू थांबलं. माग्गाचंही थांबलं होतं. तिला तेच वाटलं असणार.

"म्हणजे आईने एकच दोघींना दिली," ती डोळे पुसत म्हणाली. "मी उगाच चाळीस वर्षं जळत राहिले."

"तिच्याकडे एकच होती," मी म्हणालो.

मग मी वेचायला लागलो. माझी बाजू ओढ्याकडची. पण ओढ्याच्या काठाने विलोची झुडपं आत शिरली होती. त्यांच्या मुळांशी जमीन कोरडी पडत होती आणि कोरड्या जमिनीत लुओमी येत नाही. जिथे रिस्टिन बादली भरायची तिथे मी दोन तास वाकलो तरी बादली जेमतेम अर्धी झाली. मी झुडपांच्या आतपर्यंत हात घालून बघितलं. पुढे कच्चीच होती. कच्ची तोडायची नसतात.

माग्गा काळ्या दगडावर जाऊन बसली होती. तिच्या बाजूला अजून झुडपं पोचली नव्हती. तिथे केशरी गालिचा होता.

"भरली का?" तिने तिथून ओरडून विचारलं.

"अर्धी."

"अर्ध्याने काय होणार? लग्नाला तीनशे माणसं आहेत."

"होईल तेवढं होईल. उरलेलं दुकानातून आणीन."

"दुकानातून?" ती उभी राहिली. "ताईच्या नातीच्या लग्नात दुकानातलं?"

मी कंबर धरून उभा होतो. रिस्टिनने एकच गोष्ट मागितली होती आणि ती अर्धीच झाली होती.

माग्गाने तिच्या बाजूच्या लुओमीकडे बघितलं. मग माझ्या बादलीकडे. मग आभाळाकडे.

"आज तारीख काय?"

"आठ."

"आईने सांगितलंय, दहाच्या आधी हात लावायचा नाही." ती म्हणाली. "चाळीस वर्षांत एकदाही लावला नाही मी. एका वर्षी नऊ तारखेला तळ्यावर येऊन बोटीत रात्रभर बसले होते, पण हात लावला नाही."

"मग नको लावूस. माझं होईल काहीतरी."

"गप्प बसा हो."

तिने रुमाल डोक्याला परत बांधला, बाह्या वर केल्या आणि वाकली.

मी रिस्टिनला लुओमी वेचताना कधी बघितलं नव्हतं. बेचाळीस वर्षं माझं तोंड नदीकडे होतं. आता पलीकडे तिची बहीण गुडघे न वाकवता, एक हात मांडीवर टेकवून, दुसऱ्या हाताने भराभर वेचत होती, आणि वेचता वेचता स्वतःशी बोलत होती. रिस्टिनही अशीच वेचत असेल. मी बघत उभा राहिलो.

"दाजी! बघत काय राहिलात? बादली इकडे आणा!"

"आणतो."

मी बादली घेऊन गेलो. तिने तिच्या पिशवीतलं सगळं माझ्या बादलीत ओतलं आणि पुन्हा वाकली. मीही तिच्या शेजारी वाकलो. तीन वाजेपर्यंत बादली काठोकाठ भरली. वर तिने रुंद पानं ठेवली आणि रुमालाने तोंड बांधलं.

"आता सांगून टाकते," ती म्हणाली, "ओढ्याकडची बाजू माझ्यापेक्षा चांगली होती. पहिल्यापासून."

"झुडपं यायच्या आधी?"

"आधीही आणि नंतरही. आईची लाडकी होती ती."

परत येताना आम्ही टेकडीवरून आलो नाही. तळ्याच्या काठाने तिची बोट बांधलेली होती तिथवर चालत गेलो आणि बोटीने आलो, कारण तेवढाच रस्ता आम्हा दोघांत एकाला तरी खात्रीने माहीत होता. आमच्या दोघांच्या गाड्या दुसऱ्या दिवशी जाऊन आणल्या.

सुन्नाच्या लग्नात क्रीम मोठ्या पातेल्यात केलं. माग्गाने केलं, मला ढवळायला दिलं नाही. जेवणानंतर सुन्ना चांदीच्या गुंड्यांचा लग्नाचा पोशाख सावरत माझ्याशेजारी येऊन बसली. तिने एक चमचा खाल्ला, मग दुसरा खाल्ला.

"आजीच्या जागेवरची आहेत ना, आजोबा?"

"हो," मी म्हणालो. "तिथलीच आहेत."

ती पुढे काही विचारणार होती, पण नवऱ्याने नाचायला बोलावलं म्हणून पळाली. मी तिची वाटी ओढून घेतली आणि उरलेलं खाऊन टाकलं.